घरच्या आर्केड कॅबिनेटची जॉयस्टिक बदलताना: आधी मोजमाप, मग पक्कड

आर्केड कॅबिनेटची, म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमच्या उभ्या पेटीची, जॉयस्टिक बदलणं हे सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत उरकणारं काम आहे. तरी ते बऱ्याच जणांचं फसतं, आणि फसायची तऱ्हाही ठरलेली असते. नवी जॉयस्टिक घरी येते, जुनी लगोलग खोलली जाते आणि मग एकेक लक्षात येऊ लागतं: नवीची दांडी लाकडाच्या जाडीतच बुडतेय, भोकं जुळत नाहीत, वायरचे लग (वायरच्या टोकाची, स्विचच्या पातीवर चढवायची धातूची टोपी) ढिले बसतायत आणि 'वर'ची वायर कुठली होती ते कोणालाच आठवत नाही. यातली एकही अडचण जॉयस्टिकची नाही. कामाचा क्रम चुकल्यामुळे या अडचणी येतात.

हा लेख १८ मिमी प्लायवूड किंवा एमडीएफचं पॅनेल (जॉयस्टिक आणि बटणं बसवलेली फळी), आत रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर किंवा जुना कॉम्प्युटर आणि यूएसबीचा 'झिरो डिले' एन्कोडर (जॉयस्टिक-बटणांच्या वायर कॉम्प्युटरला जोडणारा छोटा बोर्ड) अशा कॅबिनेटसाठी आहे. आपल्याकडे सुताराकडून करून घेतलेली बरीचशी कॅबिनेट याच घाटाची असतात. परदेशात राहणाऱ्यांकडे आर्केडवनअपसारखं तयार कॅबिनेट असेल तर आतला बोर्ड वेगळा असेल, पण कामाचा क्रम हाच.

## टप्पा १: बदलायची गरज आहे का, ते आधी ठरवा

'डावीकडे नीट जात नाही' म्हणून अख्खी जॉयस्टिक फेकून देण्यात अर्थ नाही. स्वस्त किटमधल्या जॉयस्टिकला चार बाजूंना चार सुटे मायक्रोस्विच (दांडी टेकली की 'क्लिक' वाजणारे छोटे स्विच) असतात. त्यातला एक मेला की ती दिशा मरते. पॅनेल उघडा, मल्टिमीटर बीपवर ठेवा, त्या स्विचची वायर काढा आणि 'सीओएम' (सामाईक) व 'एनओ' (एरवी उघडा) लिहिलेल्या दोन पायांवर टोकं टेकवा. स्विच बोटाने दाबला की बीप यायला हवी, सोडला की थांबायला हवी. अडखळत येत असेल तर तेवढा स्विच बदला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जुना स्विच नमुना म्हणून दाखवलात तर त्याच मापाचा दुसरा मिळतो.

स्विच ठणठणीत असतील तर दांडी सोडून बघा. ती मधोमध परत येऊन थांबते का? हळूहळू येत असेल किंवा मध्यावर लुळी पडत असेल तर स्प्रिंग थकली आहे. दांडी जिथे टेकून फिरते तिथलंच प्लास्टिक झिजलं असेल आणि स्विच वाजण्याआधी ती सगळीकडे डुलत असेल, तर मात्र जॉयस्टिक बदलायला झाली आहे. अर्थात सगळं नीट चालत असूनही चांगली पकड, नेमका क्लिक हवा म्हणून बदलणारेही असतात. तेही कारण पुरेसं आहे, फक्त काय मिळवायचंय ते आपल्याला ठाऊक हवं.

## टप्पा २: गेम आणि लाकूड बघून जॉयस्टिक निवडा

बहुतेक खरेदी नाव ऐकून होते. खरं तर तुम्ही जास्त काय खेळता आणि तुमचं पॅनेल किती जाड आहे, या दोनच गोष्टींवर निवड ठरते.

पॅक-मॅन (१९८०), डाँकी काँग (१९८१), डिग डग (१९८२) हे चार दिशांचे गेम आहेत. आठ दिशांच्या जॉयस्टिकवर पॅक-मॅन खेळताना वळणावर दांडी जरा तिरकी गेली की दोन स्विच एकदम दाबले जातात, गेमला हवी ती दिशा समजत नाही आणि वळण हुकतं. खेळणाऱ्याला वाटतं आपला हात चुकला. उलट स्ट्रीट फायटर टू (१९९१) तिरक्या दिशांशिवाय खेळताच येत नाही. दोन्ही हवं असेल तर जिचं गेट फिरवून चार किंवा आठ दिशा ठेवता येतात अशी जॉयस्टिक घ्या. दांडीची हालचाल ज्या कडांवर अडते ती खालची प्लास्टिकची चौकट म्हणजे गेट.

नेहमी चर्चेत असणाऱ्या तीन जाती आहेत. सान्वाची जेएलएफ ही जपानी जॉयस्टिक हलकी आहे, तिला ३५ मिमीचा गोळा, चौकोनी गेट आणि पाच पिनांचा एकच कनेक्टर असतो. सेमित्सूची एलएस-३२ त्याच घराण्यातली, पण हाताला थोडी घट्ट लागते. हॅपची कॉम्पिटिशन ही अमेरिकन धाटणीची: वर लांबट मूठ, कडक स्प्रिंग, चार सुटे मायक्रोस्विच आणि जाड लाकडी पॅनेलसाठी केलेली लांब दांडी.

माझं मत स्पष्ट आहे. पॅनेल १८ मिमीचं असेल, राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) नसेल आणि खालून लाकूड कोरून देणारा सुतारही हाताशी नसेल, तर जपानी जॉयस्टिकच्या मागे लागू नका. हॅपच्या धाटणीची किंवा मुद्दाम लांब दांडीची घ्या. दांडी लाकडात बुडलेली सान्वा तिच्याहून स्वस्त पण योग्य उंचीच्या जॉयस्टिकपेक्षा वाईट चालते.

इशारा: 'सान्वा स्टाइल' या नावाने विकली जाणारी जॉयस्टिक सान्वाची नसते. स्वस्त म्हणून ती घेण्यात काही गैर नाही, पण तिच्या प्लेटची (जॉयस्टिक पॅनेलला खालून आवळायच्या पत्र्याची) भोकं आणि पिनांचा क्रम मूळ सान्वासारखाच असेल हे गृहीत धरू नका.

## टप्पा ३: मोजमाप

ऑर्डर देण्याआधी ही मापं कागदावर हवीत.

१. पॅनेलची खरी जाडी. '१८ मिमी' हे प्लायचं दुकानातलं नाव झालं. वर सनमायका, स्टिकर आणि ॲक्रिलिकची शीट असेल तर जाडी वाढते. गोळा काढून दांडीच्या भोकातून पट्टी खाली सोडा आणि सगळं धरून मोजा.

२. जुन्या प्लेटच्या भोकांमधलं अंतर, लांबीत आणि रुंदीत, मध्यापासून मध्यापर्यंत.

३. दांडीच्या भोकाचा व्यास. दांडी पूर्ण तिरकी झाल्यावर भोकाच्या कडेला घासता कामा नये.

४. पॅनेलखालची मोकळी जागा. प्लेटपासून खालच्या फळीपर्यंत किंवा स्क्रीनच्या पाठीपर्यंत किती अंतर आहे? त्यातून जॉयस्टिकची उंची वजा करा आणि कनेक्टर व वायरच्या वळणासाठी निदान दोन बोटं ठेवा. बिजागरीवर उघडणारं पॅनेल बंद होताना खाली झुकतं, तेव्हा हे माप बंद स्थितीतलं हवं.

आता मुख्य हिशेब. जपानी जॉयस्टिकचा गोळा पॅनेलच्या वर साधारण २३-२४ मिमी असावा, म्हणजे पॅनेलचा पृष्ठभाग ते गोळ्याचा तळ एवढं अंतर. घ्यायच्या जॉयस्टिकची प्लेटच्या वरच्या बाजूपासून गोळ्याच्या तळापर्यंतची उंची विक्रेत्याने दिलेल्या मापांत बघा आणि त्यातून पॅनेलची जाडी वजा करा. समजा उंची ३२ आली आणि जाडी १८ आहे, तर वर उरले १४. म्हणजे ९-१० मिमी कमी पडतात, आणि तेवढं लाकूड खालून कोरावं लागेल. कोरल्यावर वर ८-९ मिमी जाडी उरते, ती चालते. प्लायमध्ये ६ मिमीच्या खाली जाऊ नका. एमडीएफ असेल तर त्याहून थोडं जास्तच ठेवा, कारण एमडीएफ स्क्रूच्या भोवती भुसभुशीत होतं आणि दांडीचे हिसके त्याला सोसत नाहीत.

तपासा: हिशेब जमत नसेल तर इथेच थांबून टप्पा २ वर परत जा. ऑर्डर अजून दिलेली नाही, म्हणून हे फुकटात होतंय.

## टप्पा ४: सामान जमवा

फुली आणि चपटा स्क्रूड्रायव्हर, पाने, ड्रिल, मल्टिमीटर, क्रिम्पिंगची पक्कड, बारीक चिमटा, मास्किंग टेप आणि मार्कर. कोरायचं असेल तर राउटर किंवा धारदार पटाशी. प्लेट आवळायला एम४ चे चपट्या डोक्याचे नट-बोल्ट, स्प्रिंग वॉशरसह.

लग घेताना मात्र चूक होतेच. मायक्रोस्विचच्या पात्या बहुधा ४.८ मिमी रुंदीच्या असतात. जपानी बटणांच्या पात्या २.८ मिमीच्या. आपल्याकडच्या दुकानात 'थिंबल द्या' म्हटलं की बरेचदा ६.३ मिमीचं मिळतं, ते मायक्रोस्विचवर चढतं पण धरत नाही. चार दिवस चालतं, मग एखाद्या दणक्यात निसटतं. पक्कडीने दाबून घट्ट करायचा मोह आवरा आणि योग्य मापाचं आणा. वायर बहुतारी, २२ ते २४ गेजची घ्या. घराच्या फिटिंगची एकतारी ताठ वायर पॅनेल उघडताना-मिटताना लगच्या मुळाशी तुटते.

## टप्पा ५: बसवण्याआधी टेबलावर चालवून बघा

या लेखातला एकच टप्पा पाळणार असाल तर हा पाळा. नवी जॉयस्टिक टेबलावर ठेवा, सुटा एन्कोडर असेल तर तो, नाहीतर कॅबिनेटमधला लांब वायरने, कॉम्प्युटरला जोडा आणि दिशा स्क्रीनवर बघा. विंडोजमध्ये 'रन'च्या चौकटीत 'जॉय डॉट सीपीएल' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली की गेम कंट्रोलरची खिडकी उघडते. रास्पबेरी पायवर 'जेएसटेस्ट' ही आज्ञा हेच काम करते.

जॉयस्टिक खेळताना जशी धराल तशीच टेबलावर धरा, कनेक्टरची बाजू लक्षात ठेवा. चारही सरळ दिशा, मग चारही तिरक्या. शेवटी दांडी कडेला टेकवून गोल फिरवा. प्रत्येक दिशा लागून सुटली पाहिजे. सदोष माल असेल तर तो इथेच सापडतो, आणि दुकानदार परतही घेतो. लाकडाचा भुसा लागलेली, स्क्रूचे व्रण पडलेली जॉयस्टिक कोण परत घेईल?

पाच पिनांची जॉयस्टिक असेल तर झिरो डिले बोर्डवर तिच्यासाठी पाच पिनांची जागा असते. चार सुट्या स्विचच्या जॉयस्टिकसाठी प्रत्येक दिशेचे दोन-दोन पिनांचे कनेक्टर असतात. दोन्ही एकाच दिशेला समांतर जोडलेले असतात, तेव्हा एका वेळी एकच वापरा.

## टप्पा ६: जुनी काढा, पण आधी खुणा करा

१. कॅबिनेटचा प्लग भिंतीतून काढा. एन्कोडरवर पाचच व्होल्ट असले तरी त्याच पेटीत स्क्रीनचा आणि दिव्यांचा वीजपुरवठा असतो.

इशारा: कॅबिनेटमध्ये जुन्या पद्धतीची पिक्चर ट्यूब असेल तर प्लग काढल्यावरही तिच्यात जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. ट्यूबच्या मागच्या बाजूला हात घालू नका. जॉयस्टिकचं पॅनेल पूर्ण सुटं करून बाहेर टेबलावर घ्या, आणि तसं करता येत नसेल तर टीव्ही दुरुस्तीचा जाणकार बोलवा.

२. मोबाइलवर फोटो काढा: एक सगळ्याचा, एक एन्कोडरच्या कनेक्टरांचा, एक जॉयस्टिकच्या तळाचा. वायर एकमेकींवरून गेल्या असतील तर चिमट्याने बाजूला करून पुन्हा काढा.

३. आता खुणा. पॅनेल उघडं असताना दांडी वरच्या बाजूला ढकला आणि कुठला स्विच वाजतो ते ऐका. तो खालच्या, म्हणजे खेळणाऱ्याकडच्या बाजूचा असेल. दांडी मधल्या सांध्यावर फिरते, म्हणून वरचं टोक पुढे गेलं की खालचं टोक मागे येतं आणि मागचा स्विच दाबतं. डाव्या-उजव्याचंही तसंच. 'वरचा स्विच म्हणजे वरची दिशा' असं मानून वायर लावणारे किती तरी जण सगळं उलटं करून बसतात. त्यात पॅनेल उलथं ठेवलं की डावं-उजवं आणखी फिरतं. अंदाज नकोच. वाजलेल्या स्विचच्या वायरवर टेपची पट्टी गुंडाळून 'वर' लिहा. चारही दिशांचं असंच करा.

४. दोन खेळाडूंचं कॅबिनेट असेल तर कुठला एन्कोडर कुठल्या यूएसबी खाचेत होता तेही लिहा. दोन सारखे झिरो डिले बोर्ड कॉम्प्युटरला सारखेच दिसतात. खाच बदलली की पहिला खेळाडू दुसरा होतो, आणि लोक वायरिंगमध्ये चूक शोधत बसतात.

५. लग काढताना वायर ओढू नका. चिमट्याने लगच धरून सरळ मागे घ्या, सोबत थोडं डावं-उजवं हलवा.

६. दांडीच्या खालच्या टोकाला खाच असेल तर तिच्यात चपटा स्क्रूड्रायव्हर लावून दांडी रोखा आणि वरचा गोळा डावीकडे फिरवून काढा. मग प्लेटचे स्क्रू काढून जॉयस्टिक खाली उतरवा.

## टप्पा ७: लाकडाचं काम

भोकं जुळत असतील तर हा टप्पा सोडून पुढे जा. जुळत नसतील तर जुनी स्क्रूची भोकं बुजवल्याशिवाय शेजारी नवी पाडू नका. दोन भोकांमधली पातळ भिंत फुटते आणि मग स्क्रू कुठेच धरत नाही. काडी किंवा बारीक डॉवेल (लाकडी खुंटी) लाकडाच्या गोंदात बुडवून भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या, वर आलेलं कापून सपाट करा.

नवी जागा आखताना दांडीच्या भोकाचा मध्य धरा, जुन्या स्क्रूंचा नको. नवी प्लेट दांडीसकट खालून लावा, दांडी भोकाच्या बरोबर मध्ये दिसतेय हे वरून बघा आणि मगच पेन्सिलने भोकं उतरवा. प्लेटची बाजू पॅनेलच्या कडेशी समांतर हवी. जॉयस्टिक काही अंश वाकडी बसली की चौकोनी गेटचे कोपरे सरकतात, आणि एका बाजूची तिरकी दिशा सहज लागते तर दुसरीकडची शोधावी लागते.

कोरायचं असेल तर राउटर एका फेरीत पूर्ण खोल नेऊ नका. तीन-तीन मिलिमीटर करत जा, प्रत्येक फेरीनंतर खोली मोजा. पटाशीने करणार असाल तर आधी कडेच्या रेषा कटरने खोल ओढून घ्या, म्हणजे प्लायचा वरचा थर उचकटत नाही. तळ सपाट असायला हवा. एका कोपऱ्यात उंचवटा राहिला तर स्क्रू आवळल्यावर प्लेट पिळते आणि दांडी एका बाजूला झुकलेली राहते.

इशारा: कोरल्यानंतर जुने लांब स्क्रू वापरले तर ते वरच्या स्टिकरमधून बाहेर येतात. उरलेली जाडी ८ मिमी असेल तर लाकडात जाणारा स्क्रू ६ मिमीपेक्षा जास्त नको. शक्य असेल तर स्क्रूऐवजी वरून आरपार बोल्टच घाला, डोकं लाकडात बुडेल एवढी खाच करा. आरपार बोल्टवर बसलेली जॉयस्टिक वर्षानुवर्षं हलत नाही.

कोकणात, गोव्यात, मुंबईत राहत असाल तर कोरलेल्या कच्च्या भागाला दोन हात वॉर्निश किंवा प्रायमर द्याच. एमडीएफचा कापलेला भाग पावसाळ्यातली दमट हवा पितो आणि फुगतो. जूनमध्ये घट्ट असलेली प्लेट सप्टेंबरमध्ये का हलते, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

## टप्पा ८: बसवणं

भुसा ब्रशने किंवा व्हॅक्यूमने पूर्ण काढा. एमडीएफची भुकटी मायक्रोस्विचमध्ये गेली की नवी जॉयस्टिक आठवड्यात अडखळते.

जॉयस्टिक गोळ्याशिवाय खालून लावा. चारही बोल्ट आधी हाताने, मग समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळा. कनेक्टर कुठल्या बाजूला येतोय ते बघा; वायर ताणावी लागणार नाही अशी बाजू निवडा. जॉयस्टिक ९० अंशांत फिरवून बसवलीत तर दिशाही तेवढ्याच फिरतात. ते पुढे वायरिंगमध्ये सुधारता येतं, पण आत्ताच नोंद करून ठेवा.

मग वरून आधी धुळीची चकती, नंतर गोळा. हा क्रम इतका साधा आहे की हमखास चुकतो. गोळा हाताने घट्ट होईल एवढाच आवळा, खालची खाच पुन्हा स्क्रूड्रायव्हरने धरून. गोळ्याला पक्कड लावू नका, प्लास्टिकवर दात उमटतात.

तपासा: दांडी आठही दिशांना पूर्ण ढकला. ती गेटला अडली पाहिजे, लाकडाला नाही. लाकडाला लागली तर 'टक' आवाज बोथट येतो आणि स्विच वाजतच नाही किंवा उशिरा वाजतो. तसं असेल तर भोकाची ती कड कानशीने घासा.

## टप्पा ९: वायरिंग

पाच पिनांची असेल तर कनेक्टर लावा आणि पुढच्या टप्प्यावर जा.

चार स्विचची असेल तर प्रत्येक स्विचला दोन वायर लागतात. 'सीओएम'वर ग्राउंड, 'एनओ'वर त्या दिशेची वायर. 'एनसी' (एरवी जोडलेला) हा तिसरा पाय रिकामा ठेवायचा. चारही 'सीओएम' एकाच ग्राउंड वायरने माळेसारखे जोडता येतात. नव्या जॉयस्टिकवरही तीच ऐकायची युक्ती करा: दांडी वर ढकला, जो स्विच वाजेल त्याच्या 'एनओ'वर 'वर' लिहिलेली वायर.

प्रत्येक लग लावल्यावर वायरला हलका झटका द्या. निघाली तर आत्ता निघू दे. सगळ्या वायर टायने बांधताना बिजागरीजवळ सैल वळण सोडा. पॅनेल पूर्ण उघडल्यावर ते वळण सरळ व्हावं, ताणलं जाऊ नये.

## टप्पा १०: चाचणी, पॅनेल उघडं असतानाच

पॅनेलचे स्क्रू अजून लावू नका. प्लग लावा आणि टेबलावर वापरलेली चाचणीची खिडकी उघडा. गेममध्ये जाऊन तपासू नका. गेमची स्वतःची बटणांची जुळणी मध्ये येते आणि चूक वायरची की सेटिंगची हे कळत नाही.

दोष दिसला तर त्याच्या वागण्यावरूनच कारण ओळखता येतं:

- हात न लावता दिशा लागलेली दिसते, आणि ढकलल्यावर सुटते: वायर 'एनओ'ऐवजी 'एनसी'वर आहे.
- वर-खाली किंवा डावं-उजवं उलटं: त्या जोडीच्या दोन वायर आपसांत बदला.
- 'वर' ढकललं की 'उजवं' लागतं, आणि चारही दिशा अशाच सरकल्यात: जॉयस्टिक ९० अंशांत फिरलेली आहे.
- एकच दिशा चालते, आणि तिच्या शेजारच्या फक्त तिच्यासोबत तिरक्या ढकलल्यावर लागतात: ग्राउंडची वायर आणि त्या एका दिशेची वायर यांची अदलाबदल झाली आहे. हा दोष भल्याभल्यांना चक्रावतो, कारण जॉयस्टिक अर्धवट जिवंत वाटते. पाच पिनांच्या कनेक्टरचा क्रम एन्कोडरशी जुळत नसला की हेच होतं.
- माळेतल्या एका स्विचनंतरचे सगळे मेलेले: ग्राउंडची माळ तिथे तुटली आहे.
- सगळ्या दिशा बरोबर, पण गेमला त्या दिसतच नाहीत: झिरो डिले बोर्डवरच्या 'मोड'च्या जागी एखादं बटण जोडलं असेल तर ते दाबलं गेलंय. त्याने दिशा वेगळ्याच प्रकारे पाठवल्या जातात. एकदा पुन्हा दाबून बघा.

कनेक्टरमधल्या वायरची जागा बदलायला कापाकापी लागत नाही. कनेक्टरच्या एका बाजूला प्रत्येक पिनेपाशी छोटी खिडकी असते आणि तिच्यात धातूची बारीक जीभ चमकते. शिवणाच्या सुईने ती जीभ हलकेच आत दाबा आणि त्याच वेळी वायर मागे ओढा. पिन अलगद बाहेर येते. परत घालण्याआधी जीभ सुईच्या टोकाने किंचित वर उचला, म्हणजे पिन 'कट्' करून अडकते. तो आवाज आला नाही तर ती कनेक्टर लावताना मागे सरकेल.

दिशांची चूक सॉफ्टवेअरमध्ये सुधारता येते, हे खरं. तरी वायरमध्येच सुधारा. पुढे कधी मेमरी कार्ड बदललं, दुसरा एम्युलेटर (जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) घातला की तीच कटकट पुन्हा नव्याने करावी लागते. वायरिंग बरोबर झाल्यावर मगच रेट्रोपाय या रास्पबेरी पायवरच्या गेम-प्रणालीतली किंवा तुम्ही वापरता त्या प्रणालीतली बटणांची जुळणी एकदा नव्याने करून घ्या.

## टप्पा ११: गेट आणि स्प्रिंग

पॅनेल बंद करण्याआधी गेट ठरवा. सान्वा जेएलएफसोबत येणारं गेट चौकोनी असतं आणि त्याचा आतला भाग कड्या सोडवून ४५ अंशांत फिरवता येतो. फिरवल्यावर चौकोन पतंगासारखा टोकावर उभा राहतो, टोकं चार सरळ दिशांना येतात आणि तिरक्या बंद होतात. पॅक-मॅनसाठी हेच हवं. परत लावताना चारही कड्या बसल्याचा आवाज ऐका. एक कडी अर्धवट राहिली तर त्या कोपऱ्यातली दिशा गायब होते, आणि मग लोक पुन्हा वायर तपासायला लागतात.

दर वेळी पॅनेल उघडून गेट फिरवणं होणार नसेल तर गेट आठ दिशांचंच राहू द्या आणि मेम या आर्केड एम्युलेटरच्या जॉयस्टिकविषयीच्या सेटिंगमध्ये त्या गेमपुरतं चार दिशांचं वागणं ठरवा. गेटइतकं ते हाताला जाणवत नाही, पण वळणं हुकायची कमी होतात.

चौकोनी गेट नवीन असेल तर पहिले काही दिवस दांडी कोपऱ्यात अडकल्यासारखी वाटेल. गेट बदलायची घाई नको. बहुतेक वेळा आपण दांडी गेटला टेकेपर्यंत ढकलत असतो; स्विच त्याच्या बराच आधी वाजलेला असतो. क्लिकवर थांबायची सवय झाली की चौकोनात तिरक्या दिशा कोपऱ्यामुळे उलट पक्क्या सापडतात. महिन्याभरानेही नाहीच जमलं तर अष्टकोनी गेट वेगळं मिळतं.

स्प्रिंग बदलायला दांडीच्या खालची ई आकाराची क्लिप काढावी लागते. ती निसटली की खोलीभर उडते, म्हणून जॉयस्टिक पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत धरूनच काढा, आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या. भाग निघतील त्या क्रमाने कापडावर ओळीत मांडा. आतल्या घासणाऱ्या प्लास्टिकला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरतो. शिलाई मशीनचं तेल घालू नका, ते ओघळून मायक्रोस्विचमध्ये उतरतं.

## बंद करताना, आणि नंतर

पॅनेल हळू खाली आणा, आणि शेवटच्या काही सेंटीमीटरना हात आत ठेवून वायर चेपत नाही ना ते बघा. बंद झाल्यावर दांडी पुन्हा गोल फिरवा: खालच्या फळीला काही घासत असेल तर जाणवेल. मग स्क्रू.

आठवडाभर खेळून झाल्यावर पॅनेल एकदा उघडून चारही बोल्ट पुन्हा आवळा. लाकूड प्लेटखाली थोडं दबतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यात बोल्ट सैल होणारच. जुनी जॉयस्टिक टाकू नका. तिचे चालू स्विच, स्प्रिंग आणि बोल्ट डबीत भरून कॅबिनेटच्या आतच ठेवा, आणि मोजमापाचा कागदही आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.